शाळा किती लांब? पर्थच्या रस्त्यांची आणि ‘स्वतंत्र’ सरकारी शाळांची गोष्ट

बसमध्ये, लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये अडकून हा भाग ऐकत असाल, तर आजचा विषय तुम्ही बसलाय त्या जागेचाच आहे. आणि वाचत असाल, तर नेहमीप्रमाणे हा त्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढलीय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. पहिली-दुसरीत असताना तुम्ही शाळेत कसे जायचात? चालत? रिक्षाकाकांबरोबर? स्कूलबसने? आणि तुमची आजी? तिला विचारलंत तर बहुतेक उत्तर एकच येईल : चालत. मधल्या दोन पिढ्यांत शाळा घरापासून लांब गेली. ती नेमकी कोणी नेली? रस्ता बांधणाऱ्यांनी? शाळा चालवणाऱ्यांनी? की ‘ती दुसरी शाळा जास्त चांगली आहे’ म्हणणाऱ्या आईबाबांनी?

हा प्रश्न घेऊन आज आपण जाणार आहोत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थ शहरात. पर्थच का? तर २०१६ साली तिथे दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. स्वान नदीच्या काठाने साउथ पर्थमध्ये एक छोटी, विजेवर चालणारी, चालक नसलेली बस लोकांना घेऊन फिरू लागली. मोटारीचं भविष्य आलं, असं म्हणत लोक कौतुकाने बघायला गेले. आणि त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाच्या एका समितीने ‘स्वतंत्र सरकारी शाळा’ या गाजलेल्या योजनेवर आपला चौकशी अहवाल मांडला. वरवर पाहता एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. पण दोन्हींच्या मागे एकच वचन होतं : तुम्ही आता मोकळे. वेळापत्रकाची वाट बघू नका, खात्याच्या हुकमाची वाट बघू नका. त्या मोकळेपणाचं पुढे काय झालं, ते आज बघू.

एक नकाशा, १९५५

चालकाविना गाडी ही कल्पना आजची नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने ‘फ्युचरामा’ नावाचा एक प्रचंड देखावा उभा केला होता. नॉर्मन बेल गेडेस या डिझायनरने त्यात १९६० सालची अमेरिका दाखवली : रुंद महामार्ग, चौकात न थांबणारी वाहतूक, रेडिओच्या मदतीने एकमेकींपासून आपोआप अंतर राखणाऱ्या गाड्या. लोक तासन्‌तास रांगा लावून ते बघायचे. गाड्या काही १९६० मध्ये आपोआप चालू लागल्या नाहीत. रस्ते मात्र आले. जगभरच्या शहरांत आले आणि पर्थमध्येही आले.

पन्नासच्या दशकात पर्थची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होती. राज्य सरकारने गॉर्डन स्टीफनसन या ब्रिटिश नियोजनकाराला बोलावलं. त्याने ॲलिस्टर हेपबर्न यांच्यासोबत १९५५ मध्ये पर्थ आणि फ्रीमँटलचा मोठा आराखडा दिला. बागा, कारखाने, नवी उपनगरं, आणि या सगळ्यांमधून जाणारे हमरस्ते. नुसता कागदावर ठेवायचा हा आराखडा नव्हता. १९५९ पासून जमिनीवर एक छोटा कर बसवला गेला आणि त्यातून पुढे लागणाऱ्या जागा आधीच विकत घ्यायला सुरुवात झाली. १९६३ मध्ये या सगळ्याला कायदेशीर योजनेचं रूप मिळालं. म्हणजे एखाद्या झाडीवर ‘इथून पन्नास वर्षांनी रस्ता जाईल’ अशी रेघ तेव्हाच मारून ठेवलेली. ही रेघ लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

तारखा बघा. १९५८ मध्ये पर्थची शेवटची ट्राम धावली आणि १९५९ मध्ये नदीवरचा नॅरोज पूल सुरू झाला. पुलाच्या रस्त्यांसाठी नदीचा एक भाग, माउंट्स बे, भराव टाकून बुजवला जात होता. तेव्हा बेसी रिशबीथ नावाच्या, वयाची ऐंशी ओलांडलेल्या बाई नदीकाठच्या चिखलात बुलडोझरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. या साध्यासुध्या आजीबाई नव्हेत. ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीतलं हे मोठं नाव. त्यांचा फोटो आजही पर्थमध्ये प्रसिद्ध आहे. भराव थांबला नाही.

शाळा मध्यभागी, मोटारी कडेला

आता गंमत अशी, की मोटारीसाठी शहर आखणाऱ्या त्या पिढीच्या डोक्यात शाळाही होतीच. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी याने १९२९ मध्ये ‘शेजारवस्ती’ची कल्पना मांडली होती. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे मुलाला मोठा रस्ता न ओलांडता चालत शाळेत जाता यावं. वस्ती किती मोठी असावी? तर एक प्राथमिक शाळा नीट चालेल एवढी. शाळा हेच माप!

पर्थमध्ये पॉल रिटर या वास्तुकाराने हे आणखी पुढे नेलं. त्याने १९६४ मध्ये माणूस आणि मोटार यांच्या नियोजनावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. १९६५ मध्ये तो पर्थ शहराचा नियोजनकार झाला, आणि दोनच वर्षांत, १९६७ मध्ये, त्याला त्या पदावरून जावं लागलं. फ्रीवेचा विस्तार त्याला पटत नव्हता, हे त्याने कधी लपवलं नाही. पुढे थॉर्नली उपनगरात त्याने ‘क्रेस्टवुड’ ही वसाहत आखली : घरांची तोंडं बागेकडे, मोटारी मागच्या बाजूने, पायवाटा वेगळ्या. आजही ती बघायला अभ्यासक जातात. पण तिच्यासारख्या वसाहती फार उभ्या राहिल्या नाहीत. बाकीचं शहर फ्रीवेच्या कडेकडेने उत्तरेला आणि दक्षिणेला लांबत गेलं.

रेल्वे बंद, रेल्वे सुरू

१९७९ मध्ये राज्य सरकारने पर्थ ते फ्रीमँटल ही प्रवासी रेल्वे बंद केली. राज्यातली ही सर्वात जुन्या मार्गांपैकी एक, १८८१ पासूनची. प्रवासी कमी झालेत, बस पुरेशी आहे, असं सरकारचं म्हणणं. लोकांनी विरोधात सह्या गोळा केल्या, सुमारे एक लाख! शहराची वस्ती तेव्हा दहा लाखांच्याही आत होती, हे लक्षात घ्या. तरी गाडी बंद झाली. मग १९८३ च्या निवडणुकीत सरकार बदललं आणि त्याच वर्षी रेल्वे पुन्हा सुरू झाली.

या आंदोलनातला एक तरुण प्राध्यापक होता पीटर न्यूमन. त्याने पुढे जेफ्री केनवर्दी याच्यासोबत जगातल्या शहरांची तुलना करून एक शब्द प्रचारात आणला, ज्याचा अर्थ ‘मोटारीवरचं अवलंबित्व’. मुद्दा सोपा आहे. मोटार हवी म्हणून घेणं वेगळं, आणि मोटारीशिवाय दूधही आणता येत नाही म्हणून घेणं वेगळं. पहिलं स्वातंत्र्य. दुसरं? ते तुम्हीच ठरवा.

एलेनब्रुकचं उदाहरण घ्या. पर्थच्या ईशान्येला नव्वदच्या दशकात वसवलेलं हे उपनगर. तिथे रेल्वे नेऊ, असं निवडणुकांमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. गाडी प्रत्यक्षात सुरू झाली डिसेंबर २०२४ मध्ये. सुरुवातीच्या घरांमध्ये जन्मलेलं बाळ बालवाडीत गेलं, शाळा संपवून बाहेर पडलं, नोकरीला लागलं, आणि मग स्टेशन आलं. तोवर त्याच्या घरच्यांनी काय केलं असेल? दुसरी गाडी घेतली असेल.

खातं म्हणेल तिथे

आता शाळेकडे वळू. पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य केवढं आहे? सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आठ महाराष्ट्र मावतील एवढं. आणि माणसं बहुतेक सगळी पर्थमध्ये. अशा राज्यात शाळा चालवायची, तर एक मजबूत केंद्र लागतंच. तिथलं शिक्षण खातं १८९३ पासूनचं. शिक्षक खात्याचा, पगार खात्याचा, आणि बदली खात्याच्या मर्जीची. नवीन शिक्षकाला शेकडो किलोमीटर लांबच्या गावात पाठवलं जायचं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या बदल्यांचा विषय निघाला की घरात जे वातावरण होतं, ते डोळ्यांसमोर आणा. चित्र फार वेगळं नाही.

या पद्धतीत त्रास होताच. खातं दूर, फाइल हळू, आणि मुख्याध्यापकाला साधा नळ दुरुस्त करायचा तरी वर विचारायचं. पण एक गोष्ट होती : कुणालाच जायचं नसेल अशा गावालाही शिक्षक मिळायचा.

रस्त्याचा आणि शाळेचा संबंध खेड्यात आधीच जुळला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते आणि बस आल्या, तशा लहान एकशिक्षकी शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत नेणं सुरू झालं. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा होती, मैदान होतं, अनेक शिक्षक होते. फायदा खराच होता. पण मुलाचा दिवस बसच्या वेळेने बांधला गेला आणि गावाची शाळा गेली. आपल्याकडे कमी पटाच्या शाळांबद्दल आज जो वाद चालतो, तो तिथे तेव्हाच होऊन गेला.

‘स्वतंत्र’ या शब्दाची जाहिरात

ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. ब्रायन काल्डवेल आणि जिम स्पिंक्स या ऑस्ट्रेलियन लेखकांनी १९८८ मध्ये ‘स्वतःचा कारभार स्वतः करणारी शाळा’ ही कल्पना पुस्तकातून मांडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये शाळांना स्थानिक प्रशासनातून बाहेर पडायची मुभा देणारा कायदा झाला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्याने आपल्या योजनेला नाव दिलं ‘भविष्यातल्या शाळा’. आणि त्याच सरकारच्या काळात तिथल्या तीनशेहून अधिक शाळा बंद झाल्या.

पश्चिम ऑस्ट्रेलियातही १९८७ मध्ये शाळांना जास्त अधिकार द्यावेत असा अहवाल आला होता. पण मोठं पाऊल पडलं २००९ मध्ये. कॉलिन बार्नेट यांच्या सरकारने ‘स्वतंत्र सरकारी शाळा’ ही योजना जाहीर केली आणि २०१० मध्ये ३४ शाळांपासून सुरुवात झाली.

आता नीट ऐका, कारण इथे गोंधळ होतो. या खासगी शाळा नव्हेत. इमारत सरकारची, पैसा सरकारचा, अभ्यासक्रम तोच, आणि परिसरातल्या मुलाला प्रवेश द्यायचं बंधनही तसंच. मग स्वतंत्र कशा? मुख्याध्यापकाला शिक्षक स्वतः निवडता येणार. पैसे एकरकमी मिळणार, कुठे खर्च करायचे ते शाळा ठरवणार. पालक आणि समाजातल्या लोकांचं एक मंडळ असणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : खात्याकडे अतिरिक्त ठरलेले शिक्षक आपल्याकडे समायोजित करून घ्यायची सक्ती या शाळांवर नसणार.

‘अतिरिक्त’ आणि ‘समायोजन’ हे शब्द ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना लगेच कळतील. बाकीच्यांसाठी : एका शाळेत पट कमी झाला की तिथला एखादा शिक्षक जास्तीचा ठरतो. त्याला दुसऱ्या शाळेत सामावून घ्यायचं असतं. प्रत्येक अतिरिक्त शिक्षक वाईट असतो असं अजिबात नाही. पण आपल्याला हवा तो माणूस निवडण्याऐवजी पाठवलेला माणूस घ्यायचा, हे कुठल्याच मुख्याध्यापकाला आवडत नाही.

योजना लोकप्रिय झाली. मुख्याध्यापक खूश. शाळा अर्ज करत गेल्या आणि काही वर्षांत राज्यातल्या निम्म्याहून जास्त सरकारी शाळा ‘स्वतंत्र’ झाल्या. २०१४ मध्ये केंद्र सरकारनेही देशभर अशा शाळा वाढवण्यासाठी सात कोटी डॉलर ठेवले.

समिती काय म्हणाली

२०१३ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी योजनेचा आढावा घेतला. मुख्याध्यापकांचा उत्साह वाढलाय, असं त्यांना दिसलं. मुलांच्या शिकण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. शिवाय सुरुवातीला ज्या शाळा निवडल्या गेल्या, त्यांची कामगिरी आधीपासूनच चांगली होती.

मग आला २०१६ चा विधिमंडळ समितीचा अहवाल. समितीचा अध्यक्ष सत्ताधारी लिबरल पक्षाचाच आमदार होता, म्हणून हा नुसता विरोधकांचा आरडाओरडा म्हणून झटकता येत नव्हता. समितीने सांगितलं, की या योजनेमुळे मुलांचे निकाल सुधारले असा पुरावा नाही, आणि शाळाशाळांमधली आधीची दरी मात्र पक्की होतेय.

ती कशी? हिशोब साधा आहे. समजा दहा शाळा आहेत. त्यातल्या सहा शाळांना ‘आम्ही निवडून घेऊ’ असं म्हणता येतं. म्हणजे खात्याला उरलेली सगळी माणसं कुठे पाठवावी लागतील? उरलेल्या चार शाळांत. आणि त्या चार कोणत्या? बहुतेक वेळा लांबच्या, गरीब वस्तीतल्या, जिथे अर्ज लिहायला आणि मंडळ उभं करायला माणसं मिळत नाहीत अशा. सहा शाळांच्या मोकळेपणाची किंमत चार शाळा भरतात, तेही कुणी त्यांना विचारल्याशिवाय.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं ऐकायला हवं. अनेक मुख्याध्यापक मनापासून सांगत होते, की पहिल्यांदाच आम्हाला आमच्या मुलांना काय लागतं ते बघून माणसं घेता आली. ते खरंच होतं. खात्याची फाइल हळूच चालायची, तेही खरं. म्हणूनच हा वाद सोपा नाही. जे एका शाळेसाठी बरोबर, ते सगळ्या शाळा मिळून बनलेल्या व्यवस्थेसाठी बरोबर असेलच असं नाही. योजना पुढे बंदही झाली नाही. २०२३ मध्ये माजी मुख्यमंत्री कारमेन लॉरेन्स यांच्या अध्यक्षतेखाली, शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने, सरकारी शिक्षणाचा मोठा आढावा निघाला, तेव्हाही शाळांच्या स्वायत्ततेचा प्रश्न पुन्हा चर्चेला आलाच.

आता मोटारीची गोष्ट परत आठवा. एकट्या माणसासाठी गाडी घेणं शहाणपणाचंच असतं. पण सगळ्यांनी घेतली की बसचे प्रवासी कमी होतात, प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून आणखी लोक गाडी घेतात. शेवटी थांब्यावर कोण उरतं? म्हातारी माणसं, मुलं आणि ज्यांना गाडी परवडत नाही ते. फ्रीमँटलची रेल्वे अशीच तर बंद झाली होती. चांगल्या शाळेसाठी आईबाबा गाडी काढतात, तेव्हा तर या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर भेटतात.

चालक नसलेली गाडी आधी कुठे आली?

नदीकाठच्या त्या चालकाविना बसकडे परत जाऊ. ती नॅरोज पुलाच्या जवळपासच फिरायची, हळू, आणि आत देखरेखीला एक माणूस असायचाच. खरं तर पश्चिम ऑस्ट्रेलियात चालकाविना वाहनं त्याच्या कितीतरी आधी आली होती. कुठे? उत्तरेला, पिलबाराच्या लोखंडाच्या खाणीत. रिओ टिंटो कंपनीने २००८ पासून तिथे चालकाविना डंपर चालवायला सुरुवात केली. त्यांवर लक्ष ठेवणारं केंद्र पर्थमध्ये, सुमारे १५०० किलोमीटर लांब. २०१८ मध्ये खनिज वाहणारी चालकाविना रेल्वेही धावली.

खाणीत हे इतक्या लवकर का जमलं? कारण तिथे सायकलवरचं मूल अचानक मध्ये येत नाही. तिथे रस्ता फक्त गाड्यांचा असतो. शहरातला रस्ता सगळ्यांचा असतो, आणि सगळ्यांची जागा आखणं अवघड असतं. ‘फ्युचरामा’च्या देखाव्यालाही ते जमलं नव्हतं. शहरात मोटारीचं भविष्य गाडीतल्या यंत्रापेक्षा याच प्रश्नावर जास्त अडलंय : बाकीच्यांसाठी जागा कुठे?

आणि ती १९६३ ची रेघ? २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिच्यावर बुलडोझर आले. रो महामार्गाचा पुढचा टप्पा, ‘रो ८’, बीलियारच्या पाणथळ जागेतून न्यायचा होता. झाडं पडू लागली, शेकडो लोक कुंपणापाशी जमले, अटका झाल्या. मार्च २०१७ मध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि काम थांबलं. साफ केलेल्या जमिनीवर पुन्हा झाडं लावायला सुरुवात झाली. बेसी रिशबीथ यांच्या वेळी जे झालं नाही, ते यावेळी झालं. पण त्या मधल्या पन्नास-साठ वर्षांत किती रेघा रस्ते होऊन गेल्या!

पर्थने काही गोष्टी सुधारल्याही. २००७ मध्ये मँडुराहपर्यंत सुमारे ७० किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, आणि बरीचशी धावते फ्रीवेच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या गर्दीतून. ज्या रस्त्याने शहर पसरवलं, त्याच्याच पोटात रेल्वे बसवली. रेघ बदलता येते, एवढं यावरून नक्की कळतं. फक्त वेळ फार लागतो, आणि तेवढ्या वेळात मुलं मोठी होऊन जातात.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला नवी मोकळीक देऊ करेल, मग ती गाडी असो, शाळा असो किंवा एखादं ॲप, तर ‘मला काय मिळणार?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा : जे यात येणार नाहीत, त्यांच्यासाठी उद्या बस येईल का? त्यांच्या वर्गावर शिक्षक असेल का?

आणि हो, आजीला विचारायचं राहू देऊ नका : शाळा किती लांब होती, वाटेत काय काय लागायचं, सोबत कोण असायचं. काय उत्तर मिळतं ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर रस्ता ओलांडताना हेडफोन काढा!